नसलेली हनुवटी

मिर्सिनी कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाली, ती एका हनुवटीपायी.

त्या परीक्षेत प्लास्टरचं एक डोकं समोर ठेवतात. जुन्या संगमरवरी पुतळ्यावरून साचा घेऊन ओतलेलं. ते काही दिवसांत कोळशाच्या कांडीनं मोठ्या कागदावर काढायचं असतं. अथेन्समधली पोरं त्यासाठी दोन-दोन वर्षं क्लास लावतात. मिर्सिनीनं लिकुर्गोस सरांचा लावला होता. सरांकडे फळीवर डोक्यांची रांगच होती, काही देवांची, काही पहिलवान तरुणांची. सर ती मुलांकडून पाढ्यांसारखी घोटून घेत. "डोळे मिटून काढता आलं पाहिजे," असं ते म्हणत, आणि मिर्सिनीला खरंच यायचं. त्यातल्या एका तरुणाची हनुवटी मूळची फुटकी होती. सरांनी स्वतःच्या हातानं प्लास्टर लावून ती सारखी केली होती.

परीक्षेच्या दालनात नेमका तोच तरुण समोर आला. सरांच्या सगळ्या पोरांचे चेहरे उजळले. हात झरझर चालले. शेवटच्या दिवशी कागद जमा करण्याआधी मिर्सिनी चार पावलं मागे सरली. समोरच्या तरुणाची हनुवटी फुटलेली होती. तिच्या कागदावर ती गोल होती, गुळगुळीत आणि शाबूत. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सरांच्या क्लासातल्या एकूण एक पोरानं तीच हनुवटी काढली होती, जी तिथे नव्हतीच.

तिच्या वडिलांचं दिव्यांचं दुकान होतं. थ्रासिवुलोसनी निकाल ऐकला तो शिडीवर उभं राहून झुंबर पुसताना. ते रागावले नाहीत. "अजून एकदा बस," ते म्हणाले. "आणि तेही नाही जमलं तर मात्र दुकानात यायचं. चित्रकार व्हायचंय म्हणून कोणी आयुष्यभर परीक्षा देत बसत नाही."

"एकदाच बसेन," मिर्सिनी म्हणाली. "पण त्या एकदाला मी पास होणार."

"ते मला नको सांगूस, त्या प्लास्टरच्या डोक्याला सांग."

हनुवटीची गोष्ट तिनं फक्त आत्याला सांगितली. पोलिक्सेनी आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिनं पहिलीच्या वर्गावर काढली होती आणि आता निवृत्त होऊन शेजारच्याच गल्लीत राहत होती. ती कॉफीचा कप हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हणजे तू न बघता काढलंस," ती म्हणाली.

"बघत होते गं आत्या! मान दुखेस्तोवर बघत होते."

"डोळे तिकडे होते तुझे. बघत नव्हतीस. पहिलीतली पोरं अशीच वाचतात. धडा तोंडपाठ असतो, बोट ओळीवरून फिरत असतं, आवाज खणखणीत. आणि मी जवळ जाऊन बघावं तर पान भलतंच उघडलेलं."

मिर्सिनीला हसू आलं आणि रडूही आलं. "मग त्या पोरांचं तू काय करायचीस?"

"मारत तर नव्हते. पुस्तक बदलायचे."

"सरांकडची डोकी सगळी पाठ आहेत मला."

"मग पाठ नसलेलं डोकं शोधू. या गावात डोक्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

रविवारी दोघी ट्रॉलीबसनं संग्रहालयात गेल्या. सोन्याच्या मुखवट्यांपुढे आणि समुद्रातून काढलेल्या कांस्याच्या देवापुढे नेहमीसारखी गर्दी होती. मिर्सिनीची पावलं सवयीनं संगमरवरी तरुणांकडे वळली, तसा आत्यानं तिचा दंड धरला.

"यांना तू ओळखतेस?"

"सगळ्यांना."

"मग चल पुढे."

फिरत फिरत त्या रोमन काळातल्या दालनात आल्या. इथे देव कमी आणि माणसं जास्त होती. एका भिंतीशी ओळीनं दाढीवाली डोकी मांडलेली होती. रोमन अमलाखालच्या अथेन्समध्ये तरुण मुलांच्या शिक्षणाचा कारभार पाहायला दर वर्षी एक माणूस नेमत, त्या माणसांचे हे चेहरे. आत्यानं पाटी वाचली आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं, हे तर मुख्याध्यापक! आमच्यातलेच निघाले." ती एकेकाच्या पुढे थांबत गेली. "हा कडक. हा पालकांना भिणारा. आणि हा बघ, बिचारा. वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय आणि अर्ध्या पोरांना काही येत नाही."

मिर्सिनीनं त्या बिचाऱ्याकडे पाहिलं. नाकाचा शेंडा उडालेला. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा खाली. गालावर घडी, कपाळावर आठ्या, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. पाठ करण्यासारखं त्याच्यात काहीच नव्हतं. कुठलीच गोष्ट असायला हवी तिथे नव्हती.

"हाच," ती म्हणाली.

तिनं पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, तशी दारातली पहारेकरीण तुरुतुरु चालत आली. तिच्या छातीवर उरानिया असं नाव लावलेलं होतं.

"स्टूल चालणार नाही. कोळसा आहे का? कोळसाही चालणार नाही. पेन्सिल चालेल. भिंतीला टेकायचं नाही." एवढ्यात पलीकडे एक पाहुणा एका पुतळ्याशेजारी तस्साच हात लांब करून फोटोला उभा राहिला, तशी ती तिकडे धावली. "ओ दादा! हात खाली! पुतळ्यांची नक्कल करायची नाही इथे!"

"हिनं माझा वर्ग छान सांभाळला असता," आत्या हळूच म्हणाली.

मिर्सिनी उभ्यानंच काढायला लागली. थोड्या वेळानं तिनं वही आत्याला दाखवली. आत्यानं वहीकडे पाहिलं, मग दगडातल्या माणसाकडे पाहिलं.

"हा कोण?"

"हाच की."

"हा तर देव आहे, दाढी लावून आलेला. डोळे बघ कसे एका ओळीत. नाकही बरं करून दिलंस तू त्याला."

मिर्सिनीनं पाहिलं. हात पुन्हा खोटं बोलला होता. तिला स्वतःचाच इतका राग आला की पेन्सिल मोडावीशी वाटली. तिनं ती मोडली नाही. टोक काढलं आणि नवं पान घेतलं. तेही तसंच झालं. तिसरं पानही.

"थांब," आत्या म्हणाली. "नुसतं रेटून होत नाही. आपण माझ्या वर्गातला खेळ खेळू."

दालनाच्या मधोमध बसायला एक बाक होता. आत्या त्यावर बसली, दगडातल्या माणसाकडे पाठ करून.

"मला तो दिसत नाही. तू मला सांगायचं. पण डोळा, नाक, कान, ओठ यातलं एकही नाव घ्यायचं नाही. नाव घेतलंस की पान उलटायचं आणि पहिल्यापासून सुरुवात."

"मग सांगू काय?"

"दिसतंय ते. उजेड कुठे आहे, अंधार कुठे आहे, चढ कुठे, उतार कुठे. नाव आलं ना, की डोकं म्हणतं हे मला माहितीय, आणि डोळे सुटीवर जातात. पोरांना मी सफरचंद द्यायचे आणि सफरचंद न म्हणता सांगा म्हणायचे. पहिल्यांदा सगळी गप्प बसायची. मग एखादी म्हणायची, बाई, याला खाली एक खड्डा आहे आणि खड्ड्यात धूळ आहे. ती धूळ तोवर कुणालाच दिसलेली नसायची."

मिर्सिनीनं खोल श्वास घेतला. "वर उजेड आहे. मग तीन आडव्या काळ्या रेघा. मधली तुटलेली. मग नाकाच्या वर..."

"उलट पान."

"आत्या, चुकून आलं गं!"

"चुकूनच येतं. उलट."

त्या दिवशी एकही चित्र पुरं झालं नाही. परतताना दोघींनी तीळ लावलेलं पावाचं गोल कडं विकत घेऊन अर्धं अर्धं खाल्लं. "बाबांना काय सांगू?" मिर्सिनीनं विचारलं. "सांग, एका मुख्याध्यापकांशी ओळख झाली," आत्या म्हणाली.

मग ती जातच राहिली. आधी रविवारी, मग दुकानात वडिलांना मदत करून दुपारी सुटका झाली की रोज. आत्याचे गुडघे दुखायचे तरी ती यायची, बाकावर पाठ करून बसायची आणि विणकाम करायची. घरी संध्याकाळी कोळसा हातात घ्यायचा आणि खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या आत्याचं डोकं काढायचं. चुकलं तर ताज्या पावाचा मऊ गर चोळून कोळसा टिपायचा, क्लासातल्या पोरांसारखा. आत्या जागी झाली की म्हणे, "माझी हनुवटी तेवढी मोडू नकोस हं."

उरानियाला आधी वाटलं होतं, या दोघी काहीतरी चोरायला आल्यात. एक बाई पुतळ्याकडे पाठ करून बसते आणि पोरगी तिला उजेड-अंधार असलं काही सांगते, हे तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. पण दिवसेंदिवस तेच ऐकून तिलाही गोडी लागली. एकदा आत्याचं लक्ष टाक्यांत असताना मिर्सिनी म्हणाली, "इथून सावली खाली घसरते आणि ओठाच्या कडेला..."

"ओठ म्हणाली!" दारातून आवाज आला. "मी ऐकलं! पान उलट!"

"तुम्ही सुद्धा का, ताई?"

"नियम म्हणजे नियम. आणि टेकू नकोस भिंतीला."

हळूहळू नावं गळाली. मिर्सिनीला आता समोर माणूस दिसेनासा झाला होता. एक उतार दिसे, तो एका जागी दचकल्यासारखा थांबे, त्याच्याखाली करडा डाग, डागाची एक कड धारदार आणि दुसरी धुरासारखी विरलेली. ती तेवढंच काढी. आणि एका दुपारी ती पेन्सिल टेकवून मागे सरली, तर कागदावर तो बसलेला होता, तो थकलेला मुख्याध्यापक, वाकडं तोंड घेऊन, काहीतरी बोलावं की बोलू नये अशा बेतात. आत्यानं वळून वहीत पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "हा देव नाही. हा शाळेत जाऊन आलेला आहे."

नेमकी त्याच आठवड्यात लिकुर्गोस सरांची टोळी संग्रहालयात आली. परीक्षेआधी सर नव्या मुलांना एकदा खरा दगड दाखवायला आणत. पोरं ओळखीच्या तरुणांपुढे थांबून माना डोलवत रोमन दालनात शिरली आणि सरांची नजर मिर्सिनीवर पडली.

"अरे, आमची मिर्सिनी! निकाल लागल्यापासून क्लासला पाय नाही तुझा. मला वाटलं, दुकानात बसलीस." त्यांनी तिच्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं. सर वाईट माणूस नव्हते. दर वर्षी त्यांची बरीच पोरं पास होत आणि प्रत्येकाचं नाव त्यांना आठवत असे. "हे काय गं? डोळे वरखाली झालेत."

"त्याचेच तसे आहेत, सर."

"असतील. पण परीक्षक या म्हाताऱ्याला ओळखत नाहीत. त्यांना वाटणार, पोरीला प्रमाण कळत नाही. डोळे एका रेषेत घे. आणि उद्यापासून ये. तीन डोकी तुझी अजून कच्ची आहेत, आठवड्यात पक्की करून देतो."

पोरं बघत होती. मिर्सिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सरांनी सांगावं आणि आपण हो सर म्हणावं, हे तिच्या जिभेला सवयीचं होतं. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या पाठ फिरवून बसलेलीच होती. तिच्या सुया चालू होत्या आणि ती वळली नाही. हे उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं असतं, हे तिनं आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं.

"सर, मी येणार नाही," मिर्सिनी म्हणाली.

"काय?"

"गेल्या वर्षी आपण सगळ्यांनी नसलेली हनुवटी काढली. तुम्ही दुरुस्त केलेली. मी परत पाठ केलं तर परत तेच होईल. माझा हात तुमचंच ऐकतो, सर. मला तो डोळ्यांचं ऐकायला लावायचाय."

सर हसले, पण ते हसू पुरतं आलं नाही. "एकदाच बसायचंय ना तुला? वडील म्हणाले होते मला."

"हो."

"आणि तो जुगार तू या वाकड्या म्हाताऱ्यावर खेळणार?"

"हो, सर."

"बरं," सर म्हणाले. "फुटकी हनुवटी आली तर माझी आठवण काढ." आणि ते पोरांना घेऊन पुढे गेले. जाताना त्यांनी एकदा वळून वहीकडे पाहिलं खरं.

मिर्सिनी आत्याकडे वळली. "चुकलं का गं माझं?"

"ते मला काय माहीत?" आत्या म्हणाली. "मला चित्रातलं कळत नाही. पुढे सांग. उजेड कुठे आहे?"

परीक्षेच्या दिवशी समोर आलं ते एका तरुणीचं डोकं. भांग पाडून दोन्ही बाजूंना लाटांसारखे मागे नेलेले केस. मिर्सिनीनं ते लगेच ओळखलं. हे डोकं सरांच्या फळीवर दुसरं होतं. लाट अन् लाट तिला पाठ होती. आजूबाजूला कोळसे करकरू लागले. ती थांबली. आधी उजेड पाहिला. मग अंधार. मग सुरुवात केली.

पहिला दिवस बरा गेला. दुसराही. शेवटच्या दिवशी ती केसांकडे आली. उजवी बाजू झाली, डावी झाली. शेजारच्या मुलानं मान वळवून हळूच म्हटलं, "कसले केस काढलेस गं!" आणि खरोखर, डावीकडची ती लाट अशी उतरली होती की तिचं तिलाच नवल वाटावं. एक फटकारा, आणि कानामागे सुंदर वळसा.

तिला त्या सुंदरपणाचीच भीती वाटली. इतका सोपा कसा आला तो?

ती मागे सरली. मनातल्या मनात नावं टाकून दिली आणि नुसतं पाहिलं. डावीकडे लाट नव्हती. तिथे एक बोथट, करडा, सपाट पट्टा होता. ही प्रत जुनी होती. वर्षानुवर्षं इकडून तिकडे उचलताना हात लागून लागून त्या बाजूचे केस झिजून गेले होते. वळसा होता तो सरांच्या फळीवर. इथे नव्हता.

परीक्षक घड्याळाकडे पाहून म्हणाले, "शेवटचा तास."

मिर्सिनीनं पिशवीतून पाव काढला, आतला गर मळून गोळा केला आणि कागदावरच्या सगळ्यात सुंदर जागेवर ठेवला. शेजारचा मुलगा दचकला. "ए! काय करतेस? वेड लागलंय का?"

ती गोळा दाबत राहिली. लाट पुसली गेली, मग वळसा. काळपट डाग उरला. त्यावर तिनं नव्यानं सुरुवात केली, उजेडाच्या कडेपासून. करडा पट्टा काढायला लाटेपेक्षा कितीतरी अवघड होता, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. फक्त जेवढं होतं तेवढंच ठेवायचं होतं. तास संपला तेव्हा मानेची एक कड राहिली होती. ती तिला दिसली होती, पण काढायला वेळ उरला नव्हता. अंदाजानं भरून टाकायचा मोह झाला. तिनं कोळसा खाली ठेवला आणि ती कड कोरी सोडून कागद दिला.

बाहेर पडल्यावर ती पायरीवर बसून हमसून रडली. पास झाले की नापास, तिला काहीच सांगता आलं नसतं. फक्त दमायला झालं होतं.

निकाल लागला. यादीत तिचं नाव बरंच खाली होतं, पण होतं. सरांच्या पोरांपैकी काही वर होती, काही नव्हतीच. थ्रासिवुलोसनी दुकान भर दुपारी बंद केलं आणि सगळ्या गल्लीला गोड खाऊ घातलं. "पोरगी चित्रकार होणार," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, जणू ही कल्पना त्यांचीच होती. आत्यानं फोनवर "बरं झालं" म्हटलं आणि मग बराच वेळ नाक शिंकरण्याचा आवाज येत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळीच मिर्सिनी आत्याच्या दारात हजर.

"आता कशाला?" आत्या म्हणाली. "मिळाली ना जागा? माझ्या गुडघ्यांना सुटी दे."

"आत्या, तिथे गेल्यावर पूर्ण पुतळे काढायला लावतात. डोकी झाली. मला पाय येत नाहीत. मुळीच येत नाहीत. मी काढलेले पाय पावासारखे फुगतात."

"आणि शाळा कधी सुरू होते?"

"महिन्याभरानं."

आत्यानं निःश्वास सोडला, विणकामाची पिशवी घेतली आणि बूट चढवले.

दारात उरानिया उभी होती. "आज मास्तरांकडे नाही?"

"नाही, ताई. आज पाय." मिर्सिनी एका बुटक्या चौथऱ्यावरच्या पुतळ्यापुढे जाऊन थांबली आणि खाली त्याच्या पायांकडे पाहू लागली.

"जमिनीवर बसायचं नाही हं," उरानिया म्हणाली.

"मग वाकते," मिर्सिनी म्हणाली. ती वाकली आणि वही उघडली.